शब्दचर्चा : मालिकांतल्या सोळा वर्षांच्या मुलीला काय म्हणावे?

टीव्हीवरच्या मालिकांविषयी लिहिताना तेरा ते एकोणीस वर्षांच्या पात्रांसाठी 'पौगंड', 'किशोर', 'कुमार' की सरळ 'टीनएजर' म्हणावे, असा प्रश्न येथे विचारला गेला आहे. या मुलांसाठी मालिका स्वतः कोणते शब्द वापरतात ते आधी पाहावे, असे मला वाटते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

मालिकेतली सोळा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा 'अल्लड' किंवा 'अवखळ' असते, आईच्या तोंडी ती 'वयात आलेली' असते आणि तिच्याच वयाचा मुलगा 'गुणी' तरी असतो, नाहीतर 'वाया गेलेला'. यांपैकी बहुतेक शब्द वय सांगतच नाहीत, निवाडा देतात. 'वयात येणे' हा मुळात शरीरातल्या बदलाविषयीचा साधा वाक्प्रचार, पण मालिकेतल्या घरात तो उच्चारला की दार लावून घेण्याची, स्थळे पाहण्याची किंवा मोबाइल काढून घेण्याची भाषा सुरू होते. 'अल्लड' हे कौतुक असते, पण तेही मुलगी स्वतःचे मत मांडेपर्यंतच. त्यानंतर तीच मुलगी 'उद्धट' ठरते. परीक्षेची धास्ती घेणारी, मैत्रिणीच्या अबोल्याने रात्रभर तळमळणारी, वडिलांच्या नोकरीची काळजी मनातच ठेवणारी मुलगी या विशेषणांत कुठेच बसत नाही आणि म्हणून ती पडद्यावरही क्वचितच येते.

दुसरा मार्ग हे वयच गाळण्याचा. त्यासाठी 'लीप', म्हणजे कथेने एकदम काही वर्षे पुढे उडी मारणे, हा शब्द आता प्रेक्षकांच्याही तोंडी रुळला आहे. 2008 साली सुरू झालेल्या 'बालिका वधू' या हिंदी मालिकेत अविका गोरने साकारलेली लहान आनंदी 2010 मध्ये लीपनंतर प्रत्युषा बॅनर्जीच्या रूपात एकदम तरुण झाली. अमेरिकेत वय गाळले गेले नाही, पण नट मोठे घेतले गेले : 'बेव्हर्ली हिल्स, 90210' 1990 मध्ये सुरू झाली तेव्हा त्यात शाळकरी मुलगी झालेली गॅब्रिएल कार्टेरिस एकोणतीस वर्षांची होती. चेहऱ्यावर वय दिसत नसले की ते दाखवण्याचा सगळा भार ठरावीक स्वभावावर पडतो.

आता सुचवलेल्या शब्दांविषयी. भागवताच्या दशम स्कंधात राम-कृष्ण पौगंड वयात येऊन गाई राखू लागतात, आणि जुन्या वयविभागणीनुसार हे वय साधारण सहा ते दहा वर्षांचे. पाठ्यपुस्तकांनी 'पौगंडावस्था' पुढच्या वयाला लावली आणि ती शास्त्रात टिकली. बोलण्यात मात्र ती रुळली नाही. अमरकोशात 'किशोर' म्हणजे घोड्याचे शिंगरू. आम्हां इंदूरकरांना या शब्दाची निराळीच अडचण होते. एकतर तो ऐकताच इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले किशोरकुमार आठवतात, आणि दुसरे म्हणजे मराठीतले 'बाल न्याय मंडळ' हिंदीत 'किशोर न्याय बोर्ड' असते, त्यामुळे रोज हिंदी वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरात 'किशोर' या शब्दामागे गुन्ह्याची बातमी उभी राहते. 'किशोरवयीन' म्हटले की ती छाया बरीच पुसट होते. 'कुमार' मुलींना चालत नाही, हे सांगायला नकोच.

प्रतिसाद : आपण 'पोरसवदा' हा शब्द कसा विसरलात? आमच्या रामबागेतल्या घरी आजी तो नेहमी वापरत असे. त्यात निवाडा नाही, जिव्हाळा आहे.

उत्तर : शब्द फारच चांगला आहे आणि तो लिहिण्यात परत यावा, असे मलाही मनापासून वाटते. मात्र तो वयापेक्षा दिसण्या-वागण्याविषयी अधिक बोलतो. पंचविशीतला शिक्षकही पोरसवदा असू शकतो. म्हणून परीक्षण लिहिताना मी 'किशोरवयीन पात्रे' असे एकदा म्हणेन आणि पुढे प्रत्येकीविषयी 'अकरावीत शिकणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी' अशा शब्दांत लिहीन. मालिकेने तिच्याविषयी एवढीही माहिती दिलेली नसेल, तर परीक्षणात तेही स्पष्टपणे नोंदवावे.