मदत हवी आहे: गुडघेदुखीसाठी करक्युमिनच्या कॅप्सूल, पुरावा कितपत भक्कम?

नमस्कार. औषधशास्त्र, संधिवातावरील उपचार किंवा वैद्यकीय चाचण्यांची पद्धती यांची जाण असलेल्या सभासदांची मदत हवी आहे.

माझ्या आईचे वय ७१ आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून ती क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारे) व ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे) ही औषधे नियमाने घेते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिला फार काळ देता येणार नाहीत, असे तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. अशा वेळी एका जवळच्या नातेवाइकांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड (हळदीतले करक्युमिन व त्याच्यासारखे घटक), सोबत मिऱ्यातले पिपरिन ५ मिलिग्रॅम, आणि दिवसातून दोन कॅप्सूल घेण्याची सूचना. बाटलीवर ठळक अक्षरांत 'शक्तिशाली वनस्पतिजन्य अँटीऑक्सिडंट' असे लिहिले आहे. आईने त्या अजून सुरू केलेल्या नाहीत, पण तिचा ओढा तिकडे आहे, आणि तिला नुसते 'नको' म्हणण्याऐवजी कारणांसह काही सांगता यावे, अशी माझी इच्छा आहे. मी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते. त्यामुळे शोधनिबंधांतील आकडे मी वाचू शकते, औषधशास्त्राच्या बाबतीत मात्र जाणकारांवर अवलंबून आहे.

या धाग्यावर व्यक्तिगत अनुभवांपेक्षा पुराव्याची चर्चा व्हावी, अशी विनंती. अनुभव मला क्षुल्लक वाटतात म्हणून नव्हे. गुडघेदुखी मुळातच कमी-जास्त होत राहते, माणूस नवा उपाय बहुधा दुखणे ऐन भरात असताना सुरू करतो, आणि त्यानंतर आपसूक पडणारा उतार त्या उपायाच्या नावावर जमा होतो, म्हणून ही विनंती.

आतापर्यंत जे वाचले ते मांडते. चुकत असेन तेथे दुरुस्त करावे.

आधी बाटलीवरच्या दाव्याविषयी. परीक्षानळीत करक्युमिन मुक्त मूलकांना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना) निष्प्रभ करते, याबद्दल वाद दिसत नाही. पण परीक्षानळीतल्या या क्षमतेवरून आरोग्याविषयी काही सांगता येते का? अमेरिकेच्या कृषी खात्याने निरनिराळ्या खाद्यपदार्थांची अँटीऑक्सिडंट क्षमता, म्हणजे तथाकथित ओरॅक मूल्ये, देणारी आपली सारणी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. या आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध दाखवता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्यांनी दिले होते. त्याहून गंभीर उदाहरण बीटा-कॅरोटिन या दुसऱ्या अँटीऑक्सिडंटचे आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्याच सुमारास अमेरिकेत चाललेली अशीच एक मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. करक्युमिन हा वेगळा पदार्थ आहे आणि त्यावर हा दोष ढकलता येणार नाही. पण 'अँटीऑक्सिडंट आहे म्हणजे हितकारकच' हे अनुमान टिकत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

दुसरा मुद्दा शोषणाचा. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा १९९८ मधला अभ्यास जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत येतो, कारण पिपरिनमुळे करक्युमिनची जैवउपलब्धता (रक्तात प्रत्यक्ष पोचणारे प्रमाण) २००० टक्क्यांनी वाढते, हा आकडा तेथूनच आलेला आहे. तो अभ्यास मोजक्या निरोगी स्वयंसेवकांवरचा होता, आणि त्यात नुसते २ ग्रॅम करक्युमिन दिल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण मोजता येण्याच्या सीमेवर किंवा त्याच्याही खाली होते. मुळातली संख्या शून्याजवळ असली की टक्केवारी वाटेल तेवढी मोठी दिसते, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. म्हणून त्या आकड्याने मी फारशी प्रभावित झाले नाही. शिवाय त्यात दिलेले पिपरिन २० मिलिग्रॅम होते, आमच्या बाटलीतल्या कॅप्सूलमागे ५ आहे.

२०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या सविस्तर आढाव्यात रसायनशास्त्रज्ञांनी याहून मूलभूत आक्षेप घेतला आहे. शरीरातल्यासारख्या किंचित अल्कधर्मी द्रावणात करक्युमिन काही मिनिटांतच विघटित होऊ लागते. ते स्वतः प्रकाशमान होते आणि अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत ते प्रत्यक्षात नसलेली परिणामकारकता दाखवू शकते. आणि १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणीत (म्हणजे खरे औषध कोणाला आणि तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, प्लासिबो, कोणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते अशा चाचणीत) निर्विवाद यश मिळालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

तरीही बाजू एकतर्फी नाही, आणि मला तेथेच निर्णय करता येत नाही. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हळदीचा अर्क रोज १,५०० मिलिग्रॅम घेणारा गट आयबुप्रोफेन रोज १,२०० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटाच्या तुलनेत कमी पडला नाही, आणि पोटदुखीच्या तक्रारी अर्काच्या गटात कमी होत्या. आकर्षक निष्कर्ष आहे. पण प्लासिबोचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे दोन्ही गटांतील किती सुधारणा काळाच्या ओघात झाली आणि किती औषधाने, हे वेगळे करता येत नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ७० रुग्णांवर बारा आठवडे प्लासिबोसह झालेली चाचणी २०२० मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आली. वेदनेच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर अर्काच्या गटाला प्लासिबोपेक्षा ९.१ मिलिमीटरचा अधिक उतार पडला, पण ९५ टक्के विश्वासार्हतेची कक्षा ०.४ ते १७.८ इतकी रुंद होती. म्हणजे खरा परिणाम जाणवण्याजोगा असू शकतो, तसाच तो जवळजवळ नगण्यही असू शकतो. एमआरआयवर सांध्यातील सुजेत फरक दिसला नाही. अर्क बनवणाऱ्या कंपनीचा या चाचणीला अर्थसाहाय्यात वाटा होता. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, परंतु स्वतंत्र पुनरावृत्तीची गरज वाढते.

आणखी एक गोष्ट खटकते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील भरत अग्रवाल हे या क्षेत्रातले सर्वाधिक उद्धृत संशोधक होते, आणि त्यांचे वीसहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. ते निबंध गुडघ्यांविषयीचे नव्हते, तरी 'हजारो संशोधनांनी सिद्ध' या वाक्यातल्या हजारांपैकी कितींचा पाया अशा निबंधांवर उभा असेल, असा प्रश्न पडतोच.

माझे प्रश्न असे आहेत. आईच्या औषधांसोबत पिपरिनयुक्त कॅप्सूल घेण्यात नेमका धोका कोणता? एका अर्कावरच्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या कंपनीच्या अर्काला लावता येतो का? आणि 'हळद आपण पिढ्यानपिढ्या खातो, मग अपाय कसा होईल' या आईच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

– रानजाई

प्रतिसाद: औषधवेल

रानजाई, मी औषधशास्त्र शिकवतो. आपली मांडणी बहुतांशी योग्य आहे, म्हणून थेट प्रश्नांकडे वळतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. हळदपुडीत करक्युमिनॉइड साधारण ३ टक्के असतात. आपल्या दोन कॅप्सूलमधून ९५० मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे दिवसाला सुमारे ३० ग्रॅम हळद खाल्ल्यासारखे झाले. एवढी हळद आपल्या आजी-पणजींनी कधीच खाल्लेली नाही, आणि तीही शोषण मुद्दाम वाढवून तर नाहीच. खाद्यरंग म्हणून करक्युमिनची स्वीकार्य दैनिक मर्यादा दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १८० मिलिग्रॅम. ही मर्यादा ओलांडताच विषबाधा होते असे मुळीच नाही. पण वरणातल्या चिमूटभर हळदीच्या सुरक्षिततेचा दाखला या कॅप्सूलला देता येत नाही, हे आईंना समजावता येईल.

यकृताचा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. अमेरिकेतील औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधनजाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार आढळला, म्हणजे काही लोकांना हा धोका उपजतच अधिक असावा. इटलीने २०२२ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा बंधनकारक केला, ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०२३ मध्ये सूचना काढली. वापरणाऱ्यांची संख्या पाहता हा प्रकार विरळा आहे, परंतु तो कोणाला होईल हे घरबसल्या ओळखता येत नाही.

आता आईंच्या औषधांविषयी. पिपरिन हे सीवायपी३ए४ या यकृतातील विकराला (एन्झाइमला) अडवते, आणि ॲटोरव्हास्टॅटिनचे शरीरातील विघटन मुख्यतः त्याच विकरामार्फत होते. त्यामुळे रक्तातली त्या औषधाची पातळी वाढण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. क्लोपिडोग्रेल रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेटना) एकमेकींना चिकटू देत नाही, आणि करक्युमिनचाही तसा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती. हळदीचे उत्पादन सुरू केल्यावर त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशांक, १० च्या वर, धोकादायक पातळीवर गेला. वॉरफरिन वेगळे औषध आहे, पण स्टेंट असलेल्या व्यक्तीने या कॅप्सूल हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता घेऊ नयेत, हे मी नि:संकोच सांगेन.

अर्कांच्या बाबतीत आपली शंका रास्त आहे. कोणी पिपरिन घालते, कोणी फॉस्फोलिपिड, कोणी सूक्ष्म कण बनवते. प्रत्येकाचे शोषण निराळे असल्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू होत नाही. बाटलीवरचा एफएसएसएआय (भारताच्या अन्नसुरक्षा नियामकाचा) परवाना क्रमांकही गुणकारकतेचे प्रमाणपत्र नसतो. पूरक आहाराला रोग बरा करण्याचा दावा करण्याची मुभाच नाही.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

मी सांगलीत हळदीच्या व्यापारात आहे. आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच हळदीच्या नावावर वाटेल ते दावे केले जातात तेव्हा वाईट वाटते. प्रदर्शनांत विक्रेते हमखास सांगतात की हळदीचे गुण अमेरिकेनेही मान्य केले, आणि दाखला देतात तो जखमेवर हळद लावण्याच्या पेटंटचा. ते पेटंट १९९५ मध्ये दिले गेले आणि आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, कारण ते ज्ञान नवे नव्हते. हळदीने जखम किती भरते, याचा निवाडा तेथे झालाच नव्हता. रानजाई, आपल्या नातेवाइकांनी हा दाखला दिल्यास एवढे अवश्य सांगावे.

प्रतिसाद: रानजाई

औषधवेल, ३० ग्रॅमचा हिशेब आईला आज सांगितला आणि तिला तो पटला. तिने बाटली बाजूला ठेवली आहे. कृष्णाकाठ, पेटंटचा दाखला खरोखरच दिला गेला होता, त्यामुळे आपले उत्तर लगेच उपयोगी पडले. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना बाटली दाखवणार आहे. तोवर वेदनेसाठी काय करता येईल, आणि पुढे डॉक्टरांनी कॅप्सूलला परवानगी दिलीच, तर कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी?

प्रतिसाद: औषधवेल

अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम, वजन अधिक असल्यास ते कमी करणे, आणि त्वचेवर लावायची वेदनाशामक जेल यांची ठाम शिफारस आहे. जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फारच कमी असते, तरी आईंच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत आणि त्यांना स्टेंटची कल्पना आधीच द्यावी.

कॅप्सूल सुरू झाल्याच तर आधी यकृताच्या तपासण्या करून ठेवाव्यात. नोंदवलेली इजा बहुधा पहिल्या एक ते चार महिन्यांत दिसते, म्हणून त्या काळात गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, अंगाला खाज, सतत मळमळ किंवा नवा थकवा जाणवल्यास कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना बाटली सोबत न्यावी.