अनुभव धागा: दमा आणि श्वासाचे व्यायाम – पंपाचं काय झालं?

शिट्टीवाली (धागाकर्ती)

माझी छाती सहावीपासून वाजते. घरात 'दमा' शब्दाला बंदी होती. स्थळांना "लहानपणी जरा बाळदमा होता, गेला" असं सांगायचे आणि पंप (इनहेलर) माझ्या पर्समध्ये तळाशी, रुमालाखाली. आता पंचेचाळिशीत लपवण्यासारखं काही उरलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून रोज वीस मिनिटं करते. पोटावर हात, नाकाने श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. खांदे हलले की फाऊल. सहा महिन्यांनी स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी) केली तर आकडे जवळपास तेच. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने नळ्या रुंद होत नाहीत. सकाळ-संध्याकाळचं रोजचं औषध आहे तेवढंच चालू आहे. पण निळा पंप, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा, आठवड्यातून तीनदा लागायचा, तो आता महिन्यात एखाद्या वेळी. मग नेमकं सुधारलं काय?

तुम्ही काय करता, किती दिवस, आणि पंपाचं काय झालं, तेवढं लिहा. मध-आलं-अडुळसा यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन.

रिटायर्ड_गार्ड

रेल्वेतून सुटलो आणि टीव्ही बघून कपालभाती सुरू केली. शेजारचे नाना एका बैठकीत दोनशे ठोके मारतात, मग मी काय कमी? तिसऱ्या दिवशी अशी ढास लागली की नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावल्यावरच बसली.

नंतर एका बाईंकडे जाऊ लागलो. त्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेल्या. (स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली संस्था, प्राणायाम प्रयोगशाळेत तपासून बघायची खोड तिथली जुनी.) बाईंनी तीन आठवडे नुसतं आडवं पाडलं आणि उच्छ्वास लांबवायला लावला. श्वास रोखायचा कुंभक नाही, भात्यासारखी जोरात भस्त्रिका नाही. मी वैतागून म्हटलं, झोपायची फी घेता काय? त्या म्हणाल्या, "काका, तुमची हवा आत जाताना नाही, बाहेर पडताना अडते. जुनी बाहेर पडायच्या आत तुम्ही घाईने नवी कोंबता. डबा रिकामा न करता माणसं चढवल्यासारखं."

रेल्वेवाल्याला एवढं पुरे. आता भुंग्यासारखी गुणगुणत भ्रामरी करतो, त्यात उच्छ्वास आपसूक लांबतो. पंप खिशात असतो. जिन्यात थांबतो, ओठांचा चंबू करून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतो आणि पुढे चढतो. पूर्वी तिथेच घाबरून पंप काढायचो.

शिट्टीवाली

काका, डब्याचं उदाहरण मी ढापलं आहे.

खर्जातला_सा

गाण्याच्या गुरुजींचा नियम पहाटे पाचला खर्ज. दमेकऱ्याला ती वेळ वैऱ्याची, कारण नळ्या पहाटेच सगळ्यात जास्त आवळलेल्या असतात. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी आळशी आहे. आता संध्याकाळी लावतो. एका श्वासातला सा नऊ सेकंदांवरून सतरावर गेला. सर्दी झाली की परत नऊ. औषध तेवढंच.

उगाच_एक

दोन महिने केलं. फरक शून्य. कंटाळा आला, सोडलं. नोंद असावी म्हणून लिहिलं.

यारा_काठची

मेलबर्नहून. इथे बुटेको पद्धतीचे वर्ग असतात. कॉन्स्टँटिन बुटेको हे सोव्हिएत डॉक्टर, १९५०च्या दशकातले. त्यांचं म्हणणं, दमेकरी गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात, म्हणून कमी घ्या, नाकानेच घ्या. श्वास सोडून नाक धरायचं आणि पुन्हा घ्यावासा वाटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. मी पंधरावरून तीसवर गेले होते आणि त्याचा जरा माज होता.

२१ नोव्हेंबर २०१६. दिवसभर उकाडा, संध्याकाळी वादळ. त्या हवेत रायग्रास गवताच्या परागांचे बारीक कण झाले, थेट छातीत उतरतील इतके. हजारो लोक दवाखान्यांत धावले, दहा माणसं गेली. मी पलंगाच्या कडेला बसून दहा मिनिटं शहाण्यासारखी श्वास मोजत होते. नवऱ्याने ओरडून पंप हातात दिला तेव्हा मला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. व्यायाम अजून करते, पण ॲटॅक आल्यावर मोजत बसत नाही. आधी पंप, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ॲम्ब्युलन्स.

शिट्टीवाली, तुझं कोडं जुनं आहे. १९९८ मध्ये ब्रिस्बेनच्या ३९ रुग्णांवरचा बुटेकोचा अभ्यास छापून आला, त्यातही हेच: पंप कमी लागला, फुप्फुसांचे आकडे जागच्या जागी. मला वाटतं, आपण अर्ध्या वेळा पंप भीतीपोटी घेत असू.

ओट्यावरून

नाशिक. मुलगा आठ वर्षांचा. 'हळू श्वास सोड' म्हटलं की तो आणखी जोरात फुसकारे टाकतो. शेवटी साबणाचे फुगे आणले. जोरात फुंकलं तर फुगा फुटतो, सावकाश फुंकलं तर मोठा होतो. मला काही समजवावं लागलं नाही.

पण भरवसा फुग्यांवर नाही, पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी नळी). त्याचा सर्वोत्तम आकडा २२०. फ्रिजवर तक्ता आहे: १७६च्या वर हिरवा, ११०च्या खाली लाल, म्हणजे पंप देऊन थेट दवाखाना. एकदा हसत-खेळत फुगे उडवत होता आणि मीटरवर १४०. चेहऱ्यावरून काही कळलं नसतं.

मुळशीकर

सगळं ठीक, पण पंपाची सवय लागते हो. त्यापेक्षा गोळी बरी. पंप म्हणजे शेवटची पायरी.

शिट्टीवाली

मुळशीकर, हे ऐकत मी मोठी झाले, म्हणून हिशेब पाठ आहे. साल्ब्युटामॉलची (निळ्या पंपातलं औषध) एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या दोन फवाऱ्यांत तेच औषध २००. विसावा भाग, तोही जिथे हवा तिथेच. गोळीने माझे हात थरथरायचे, दहावीचा एक पेपर तसाच लिहिला आहे. निळा पंप सारखा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी रोजचं औषध डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

ओट्यावरून

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काय करता? फुगे गॅलरीत उडवतो आम्ही.

यारा_काठची

त्या रात्री फुग्यांना सुट्टी दे. खोल श्वास म्हणजे खोल धूर. खिडक्या लावून घे आणि औषधाचं डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारून ठेव.

रिटायर्ड_गार्ड

आमच्या नानांनी दोन हजारांची माळ आणून ठेवली आहे. मी त्या रात्री पुतण्याकडे तळेगावला, तिकीट काढलं.