रेमों दपार्दों: कॅमेरा, दिग्दर्शन आणि निर्मिती एकाच हाती

प्रश्न (फोंडा):
गोव्यातील सावईवेरे परिसरात कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) सांभाळणाऱ्या वृद्ध बागायतदारांवर माहितीपट करण्याचा माझा मानस आहे. त्यासाठी फ्रेंच माहितीपटकार रेमों दपार्दों यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करीत आहे. ते बहुधा कॅमेराही स्वतःच हाताळतात आणि निर्मितीही घरचीच असते. त्यामुळे चित्रपटाला नेमके काय लाभते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पणजी):
सर्वांत मोठा लाभ मालकीचा. १९४२ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले दपार्दों मुळात वृत्तछायाचित्रकार. १९६६ मध्ये 'गामा' ही छायाचित्रसंस्था स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. १९७४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिस्कार देस्तँ यांच्या प्रचारावर त्यांनी चित्रपट केला. परंतु त्याचा खर्च खुद्द उमेदवारानेच उचलला होता आणि निवडून आल्यावर त्यांनी प्रदर्शन रोखून धरल्यामुळे तो २००२ पर्यंत प्रेक्षकांपर्यंत पोहोचू शकला नाही. निर्मिती स्वतःच्या हाती का असावी, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पुढे पत्नी क्लोदीन नुगारे यांच्यासह त्यांनी 'पाल्मरे ए देझेर' ही निर्मितीसंस्था काढली.

उत्तर (डिचोली):
वरील मुद्दा मान्य आहे. मात्र आपल्या विषयाला 'प्रोफिल पेइझाँ' ही शेतकऱ्यांवरील चित्रपटत्रयी अधिक जवळची आहे. फ्रान्समधील लोझेर आणि आसपासच्या डोंगराळ भागातील त्याच कुटुंबांकडे ते पुन्हा पुन्हा गेले आणि २००१, २००५ व २००८ मध्ये तीन चित्रपट आले. इतकी वर्षे थांबण्याची मुभा बाहेरचा निर्माता सहसा देत नाही. १९९४ च्या 'देली फ्लाग्राँ' या त्यांच्या माहितीपटात, पॅरिसच्या न्यायालयात सरकारी वकील आणि नुकतेच पकडलेले आरोपी समोरासमोर बसलेले असताना, त्यांनी कॅमेरा बाजूला स्थिर ठेवला आणि स्वतः एक शब्दही काढला नाही. शेतकऱ्यांच्या घरी मात्र कॅमेऱ्यामागून ते स्वतःच प्रश्न विचारतात आणि उत्तरापूर्वीची लांबलेली शांतता कापत नाहीत. मला त्यांचे हे धैर्य फार मोलाचे वाटते. तरीही ते एकटे काम करीत नाहीत, कारण नुगारे स्वतः ध्वनिमुद्रक आहेत.

प्रश्नकर्ता (फोंडा):
मनःपूर्वक आभार. म्हणजे ध्वनीसाठी जोडीदार हवाच का?

उत्तर (डिचोली):
हो, निश्चितच. कुळागरात पाटाचे पाणी सतत वाहत असते आणि वृद्ध माणसे हळू बोलतात. कॅमेरा पाहणाऱ्याने त्याच वेळी ध्वनीही सांभाळावा, अशी अपेक्षा ठेवू नये. शक्यतो बोलणाऱ्याच्या घरोब्यातील, कोंकणी जाणणारी व्यक्ती निवडावी.