वारुळात सापडलेला हा गोळा म्हणजे बुरशीची शेती का? आपल्याकडे शेती करणाऱ्या मुंग्या आहेत?

आगरातला
नमस्कार मंडळी. आमची आंब्याची बाग गुहागर तालुक्यात, सड्याच्या उतरणीवर आहे. गडगा (दगडी कुंपण) एका जागी ढासळला म्हणून पाया खणायला घेतला, तर पहार जुन्या वारुळाच्या पोटात गेली. आत मुठीएवढ्या पोकळ्या आणि प्रत्येक पोकळीत एक राखाडी-तपकिरी, सुरकुतलेला, भोकाभोकांचा गोळा. हातात घेतला तर वजनच नाही, जरा दमट, दाबला की भुगा होतो. त्याच्यावर मोहरीहून बारीक असे पांढरेशुभ्र दाणे. भोवती वाळवीची पळापळ.

एक गोळा ताटलीत घालून पडवीत ठेवला होता. थोड्याच दिवसांत त्यातून पांढरे, उभे, बारीक कोंब बाहेर आले. ही अळमी, म्हणजे पावसात वारुळावर उगवणारी अळंबी नव्हेत, अळमी मी लहानपणापासून ओळखतो.

माझी मुलगी आठवीत आहे. तिने पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांचा व्हिडिओ पाहिलाय. त्या पानं खात नाहीत, त्यांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. तिचं म्हणणं, आपल्या वारुळात तेच चाललंय. खरं का? आणि या किड्यांना शेती सुचली कशी, कधीपासून करतात?

दुसरी गोष्ट तातडीची. गडी म्हणतो औषध ओता, नाहीतर कलमं जातील. आई म्हणते, नागपंचमीला पुजतो ते वारूळ आहे, हात लावू नका. मी काय करू?

कातळसडा
मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. निम्मं उत्तर तिनेच दिलंय. मी रत्नागिरी जिल्ह्यात वर्षानुवर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि हा माझा सर्वांत आवडता विषय, त्यामुळे उत्तर लांबेल.

बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या आपल्याकडे नाहीत. कोकणात नाहीत, भारतात नाहीत, आशिया-आफ्रिकेतही नाहीत. त्या फक्त अमेरिका खंडांत आहेत. अडीचशे-एक जाती, आणि त्या सगळ्या एकाच पूर्वजाच्या वंशातल्या. आपल्या आंब्या-काजूवरचे हुमले (पानं जोडून घर करणाऱ्या मुंग्या) पिठ्या ढेकणांना राखून त्यांचा गोड रस घेतात, पण ते झालं गुरं पाळणं. शेती नव्हे.

तुम्हाला सापडली ती वाळवीची शेती. वाळवी मुंगीच्या कुळातली नाही, झुरळांच्या कुळातली आहे. म्हणजे दोन घराण्यांनी, दोन वेगळ्या भूभागांत, एकमेकांचा काही संबंध नसताना तीच गोष्ट साधली. वाळवीत ती आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. टांझानियात 2.5 कोटी वर्षांपूर्वीचे अशा गोळ्यांचे जीवाश्म सापडलेत. तुम्ही हातात धरलात तसलेच गोळे, दगड झालेले.

मुंग्यांची शेती याहून फार जुनी. 2024 साली शेकडो जातींच्या मुंग्या आणि बुरश्या यांची जनुकं ताडून एक कालरेषा मांडली गेली. तीत आरंभ 6.6 कोटी वर्षांपूर्वी येतो, म्हणजे ज्या अशनीपाताने डायनासोर संपले त्याच सुमाराला. धुळीने सूर्य झाकला, झाडं मेली, सगळीकडे मेलेला पाचोळा. बुरशीला उन्हाची गरज नाही, तिचं फावलं. अशा काळात बुरशीशी ज्यांचं आधीच काही नातं होतं, त्या मुंग्या तगल्या. माणसाची शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची, हे शेजारी ठेवून पाहा.

पण ‘सुचली कशी’ याहून मला एक वेगळा प्रश्न मोलाचा वाटतो. या भागीदारीतून कोण बाहेर पडू शकतं?

सुरुवातीच्या मुंग्यांची बुरशी जंगलातही स्वतंत्रपणे जगू शकत होती. त्या वंशातल्या काही मुंग्यांची बुरशी आजही तशीच आहे. मग सुमारे 2.7 कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका थंड आणि कोरडी होत गेली. दमट रानातली बुरशी मुंग्यांनी कोरड्या माळावर, जमिनीखालच्या ओलसर खोल्यांत नेली. बाहेर पडली तर मरण, रानातल्या आपल्या जातभाईंशी संकर नाही. तिथून ती खरी पाळीव झाली. तिच्या धाग्यांच्या टोकांना टपोऱ्या गाठी येऊ लागल्या, स्निग्ध पदार्थ आणि शर्करेने भरलेल्या. मुंग्या त्याच गाठी खुडून खातात आणि अळ्यांना भरवतात. उलट बाजूनेही बेड्या पडल्या. आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल स्वतः तयार करण्याची क्षमता या मुंग्यांनी गमावली, कारण ते बुरशीतून आयतं मिळतं. नवी राणी उडते तेव्हा तोंडातल्या एका कप्प्यात माहेरच्या बुरशीचा छोटा गोळा घेऊन उडते. तो गमावला तर तिचं घर उभंच राहत नाही.

आता आपल्या वारुळाकडे या. पाऊस लागला की दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, ते वाळवीचे नवे राजे-राण्या. आपल्याकडच्या बहुतेक शेतकरी वाळव्यांत ही जोडपी रिकाम्या हाताने निघतात. बुरशी बरोबर नेत नाहीत. पहिली कामकरी वाळवी ती स्वतःच्या अंगच्या साठ्यावर वाढवतात. ही पहिली पिढी बाहेर पडून चारा आणू लागते, त्या सुमारास जुन्या वारुळांवर अळमी उगवून बीजाणू सांडत असतात. चाऱ्यासोबत बीजाणू आत जातात, आणि नव्या घरात पेरणी होते.

म्हणजे ज्याला आपण अळमी म्हणून ओरपतो, तो वाळवीच्या पिकाचा बाहेर पडायचा रस्ता आहे. आपल्याकडची बुरशी वारुळाबाहेर वाढत नाही, पण दर पावसाळ्यात ती छत्री वर काढून वारा गाठते आणि दुसऱ्या घरात रुजते. अमेरिकेतल्या मुंग्यांच्या बुरशीला छत्री क्वचितच येते. दोन्हीकडे शेतीच, पण पीक किती बांधलेलं, यात हा एवढा फरक. पुढच्या खेपेला अळमी उपटाल तेव्हा देठ हळूच खणत खाली जा. मुळासारखा लांब भाग थेट या गोळ्यापर्यंत पोचलेला दिसेल. मुलीला आवर्जून दाखवा.

पांढरे दाणे म्हणजे बुरशीच्याच गाठी. तरुण वाळवी चाऱ्याबरोबर त्या खाते, दोन्ही तिच्या आतड्यातून जाऊन गोळ्याच्या वरच्या अंगाला पसरले जातात आणि बुरशी तिथे नव्याने वाढते. बुरशीने पचवून मऊ केलेला खालचा जुना भाग म्हातारी वाळवी खाते.

सुरंगी
कातळसडा सर, हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही कुडाळकडचे. श्रावणात आजीबरोबर अळमी काढायला जायचो. तिचा नियम होता: कळे काढायचे, पूर्ण उमललेल्या छत्र्यांना हात लावायचा नाही, आणि खालची माती उकरायची नाही. पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा मिळत. आता लोक छत्र्यांसकट सगळं ओरबाडून वाट्यावर विकायला नेतात. बीजाणू सांडायचे कधी?

नवख्यांसाठी एवढंच, जाणत्या माणसाने खात्री केल्याशिवाय कुठलीही अळमी खाऊ नका. वारुळाजवळ उगवलं म्हणून ते खायचंच असेल असं नाही.

आगरातला
सर, मनापासून आभार. मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलंय. तिचा प्रश्न: मग ताटलीतून जे पांढरे कोंब आले ते काय?

कातळसडा
ते तण! झायलेरिया गटातली दुसरी बुरशी. ती वारुळात जवळपास असतेच, पण वाळवी काम करत असेपर्यंत डोकं वर काढत नाही. राखण उठली की काही दिवसांत सगळा गोळा व्यापते. मुलीने घरच्या घरी उत्तम प्रयोग केलाय, प्रकल्पात तोच लिहायला सांगा. अमेरिकेतल्या मुंग्यांनाही असाच शत्रू आहे, एस्कोव्होप्सिस नावाची परजीवी बुरशी. त्या मुंग्या ती निवडून काढून बाहेर टाकतात. शिवाय कित्येक जातींच्या अंगावर जिवाणूंचा पांढरा थर असतो आणि त्यातून त्या बुरशीला मारक द्रव्य निघतं. हे 1999 मध्ये उजेडात आलं.

औषधाचं म्हणाल तर वारुळात ओतू नका. ही वाळवी मुख्यतः पाचोळा, वाळकं लाकूड आणि खोडावरची मेलेली साल खाते. नव्या कलमांना मात्र त्रास होतो, हे गड्याचं खरं आहे. कलमाच्या बुंध्याशी वाळका पालापाचोळा साठू देऊ नका, खोडावर मातीचा लेप चढलेला दिसला की खरवडून टाका, मेलेल्या फांद्या बागेबाहेर काढा. गडगा हातभर वळवून घेतलात तर वारूळ राहील, आईंचंही मन राखलं जाईल.

पडाववाला
एक शंका. धिंगरी अळंबीची लागवड होते, मग हिची का नाही? बाजारात मिळेल तो भाव देऊन लोक घेतात.

कातळसडा
बुरशीचे धागे प्रयोगशाळेत वाढवता येतात. वाळवीशिवाय छत्र्या काढणं मात्र अजून धंदा म्हणून परवडेल असं जमलेलं नाही. धिंगरी मेलेल्या काडावर एकटी वाढते, हिला चारा चावून, आतड्यातून काढून, तण निवडून, ओल राखून देणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम वाळवीच करते. तेव्हा अळमीचं बी म्हणून कुणी पिशवी विकायला आलं तर पैसे देऊ नका. ज्यांच्या जागेत वारूळ आहे त्यांनी ते न मोडणं आणि सुरंगीताईंच्या आजीसारख्या उमललेल्या छत्र्या सोडून देणं, लागवड म्हणाल तर सध्या एवढीच.