मदत हवी आहे: ट्रेमोलो ब्रिज बदलायचाय

मंडळी, माझी स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार आहे, सहा स्क्रूवाला ट्रेमोलो, म्हणजे बार दाबून सूर हलवता येतो तो ब्रिज. बार जरा दाबला की जीची (G) तार हमखास सुरातून उतरते. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून झालं, फरक शून्य. सॅडलचे (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) स्क्रूही गंजलेत. घोडबंदरची खाडीची हवा, दुसरं काय!

आता स्टील ब्लॉकवाला (ब्रिजखाली बॉडीत जाणारा ठोकळा) ब्रिज घ्यायचाय. पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर 52 मिमी भरतंय, म्हणजे 56 मिमीचा व्हिंटेज (जुन्या मापाचा) ब्रिज बसणार नाही एवढं कळलं. पण बॉडी पातळ आहे. 42 मिमी खोलीचा ब्लॉक मागून डोकं वर काढेल का? कुणी बसवलाय?

आणि ठाण्यात किंवा वाशीकडे चांगला कारागीर असेल तर सांगा. मागच्याने स्प्रिंगच्या क्लॉची (मागे स्प्रिंगा अडकवायची पट्टी) भोकंच सैल करून दिली, तिथे परत जायचं नाही.