पब्लिक स्कूल, फॅग, हाफ, बोर्डिंग: नेमके अर्थ काय?

एका जुन्या इंग्रजी आत्मचरित्राचा मराठी अनुवाद वाचतेय. त्यात ‘सार्वजनिक शाळा’ सारखं येतंय आणि तिथली मुलं तर सगळी सरदार-जमीनदारांची, मला आधी वाटलं सरकारी शाळा असेल. पुढे ‘माझा नोकर मुलगा’, ‘त्या अर्ध्या वर्षात’ असं काय काय आहे, मुळात फॅग आणि हाफ असणार. कोणी नीट सांगेल का?

----

सार्वजनिक शाळा हे साफ चुकलंय, ‘पब्लिक स्कूल’च ठेवायला हवं होतं. यातलं पब्लिक म्हणजे सरकारी नव्हे. मुलगा अमुक गावचाच हवा अशी अट नाही, फी परवडत असेल तर कुठूनही या, म्हणून पब्लिक. घरी मास्तर ठेवून शिकवणं किंवा एखाद्या मास्तराने स्वतःच्या कमाईसाठी चालवलेली शाळा, याच्या उलट. 1868 च्या पब्लिक स्कूल्स ॲक्टमध्ये सातच शाळा आहेत: ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस, श्रूझबरी. यातली ईटन सहाव्या हेन्रीने 1440 ला काढली ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला. फी भरणारी मुलं गावात राहायची म्हणून त्यांना ओपिडन म्हणायचे, लॅटिनमध्ये ओपिडम म्हणजे गाव, आणि हळूहळू शाळा या ओपिडनांचीच झाली, मला यात सगळ्यात वाईट हेच वाटतं.

हाफ म्हणजे ईटनचं सत्र. वर्षात तीन असतात तरी प्रत्येकाला हाफच म्हणतात, तेव्हा अर्धं वर्ष लिहिलं की हिशोबच बिघडतो. तिथे हजेरीलाही ॲबसेन्स म्हणतात! विंचेस्टरचे असे शब्द तर इतके की त्यांना ‘नोशन्स’ असं नावच आहे, नव्या मुलाला ते पाठ करून मोठ्या मुलांपुढे परीक्षा द्यावी लागायची.

आता फॅग. धाकट्या मुलाने वरच्या वर्गातल्या मुलाची कामं करायची, टोस्ट भाजायचे, बूट पुसायचे, निरोप पोचवायचे. ईटनला मोठा मुलगा ‘बॉऽऽय’ अशी लांब हाक मारायचा की सगळे फॅग धावत सुटायचे आणि जो शेवटी पोचेल त्याच्या गळ्यात काम. पगार वगैरे काही नाही, आणि हाच मुलगा चार-पाच वर्षांनी स्वतः हाक मारणार, म्हणून नोकर शब्द बसत नाही, नोकराला ती पाळी कधी येत नाही. मला स्वतःला ही प्रथा क्रूरच वाटते, तक्रार करायची सोय नाही आणि छडी मोठ्या मुलांच्याच हातात. ईटनमध्ये 1980 च्या सुमारास बंद झाली. अनुवादात ‘फॅग’ ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून सांगा.

----

बोर्डिंगचं पण सांगा कोणीतरी. आमच्या कोल्हापुरात बोर्डिंग म्हटलं की महागडी शाळा कोणाच्या डोक्यातच येत नाही, खेड्यातल्या गरीब पोरांची राहायची सोय म्हणजे बोर्डिंग, शिकायला पोरं दुसरीकडे जाणार. शाहू महाराजांनी 1901 ला मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी रांगच लागली. महाराज स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले, ते इंग्लिश पब्लिक स्कूलच्या धर्तीवरचं, फक्त संस्थानिकांच्या मुलांचं, आणि त्यांनी सोय केली कोणाची बघा. म्हणून ‘ईटनचं बोर्डिंग’ असं लिहिलं तर आमच्याकडचा माणूस भलतंच समजेल.

----

बरोबर आहे, तिथे ‘हाउस’च वापरावं. पण त्यातही घोळ आहेच, आपल्याकडे हाउस म्हणजे स्पोर्ट्स डेपुरती लाल-निळी टीम. तिकडे हाउस ही खरीखुरी इमारत, मुलगा पाच वर्षं तिथेच झोपतो, बऱ्याच शाळांत जेवतोही तिथेच, आणि हाउसमास्टर कुटुंबासकट तिथेच राहतो. डेहराडूनला 1935 मध्ये दून स्कूल निघालं तेव्हा पहिले हेडमास्तर आर्थर फूट ईटनहूनच आलेले, तिथे हाउस या खऱ्या अर्थाने आहेत. बाकी गल्लीतल्या इंग्लिश मीडियमच्या पाटीवरचं ‘पब्लिक स्कूल’ निव्वळ नावापुरतं. त्या पुस्तकातलं एखादं पूर्ण वाक्य इथे टाकाल का, हाउसचं काय केलंय बघायचंय.