पूर्वज की भाऊबंद? लिस्ट्रोसॉरसविषयी

प्रश्न : लिस्ट्रोसॉरसच्या जीवाश्मांवर लिहिताना कोणी त्याला ‘सस्तनांचा पूर्वज’ म्हणतात, कोणी ‘सस्तनसदृश सरीसृप’. बरोबर काय?

उत्तर : माझ्या मते दोन्ही टाळावेत. चोच, दोन सुळे आणि चारा-पाल्यावर गुजराण असलेला हा प्राणी डायसिनोडॉन्ट गटातला. तो गट निर्वंश झाला. आपण आलो ते सायनोडॉन्ट या दुसऱ्या शाखेतून. ज्याच्यापासून आपला वंश चालला तो पूर्वज. मूळपुरुष एकच पण वंश वेगळा, तो भाऊबंद. इतका नेमका शब्द घरात असताना नवा कशाला घडवायचा?

‘सरीसृप’चा घोळ नावामुळे वाढतो. १८७० मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ कोप यांनी नाव ठेवले, त्यातल्या ‘सॉरस’चा अर्थ सरडा. पण सस्तनांची, आणि लिस्ट्रोसॉरसचीही, शाखा सरीसृपांपासून सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच फुटली होती. खूण कवटीत आहे : या शाखेत डोळ्याच्या खोबणीमागे दोन्ही बाजूंना एकेकच झरोका असतो. कानशिलावर बोट ठेवून दात आवळून पाहा. जो स्नायू टरारतो, तो त्याच झरोक्याच्या जागेतला.

प्रश्न : आणि ‘खंडोखंडी स्थलांतर’?

उत्तर : तेही खटकते. स्थलांतर म्हणजे एक ठिकाण सोडून दुसरीकडे जाणे. लिस्ट्रोसॉरस दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात सापडतो, बंगालच्या राणीगंज भागातल्या पांचेत खडकांत सापडतो, चीन-रशियातही सापडतो. १९६९ मध्ये तो अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफ या कड्यापाशी मिळाला. जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट त्या मोहिमेत होते. समुद्र ओलांडण्याजोगा हा प्राणीच नव्हे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी जमीन सलग होती, तीवर तो पसरला. पुढे खंड दुभंगले आणि हाडे त्यांच्याबरोबर दूर गेली. म्हणून ‘फैलाव’ किंवा साधे ‘पसरणे’ लिहावे. अंटार्क्टिकातल्या त्या हाडांनी खंड सरकल्याचा पुरावा भक्कम केला, आणि ‘स्थलांतर’ लिहिले की नेमकी तीच गोष्ट झाकली जाते.

पुरवणी : ‘भाऊबंद’ पटला तरी तो सरसकट वापरू नये. सिरोंच्याच्या आसपास, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा खडकांत ज्युरासिक काळातले चिमुकले दात मिळाले आहेत. त्यांतल्या एका प्राण्याचे नाव कोटाथेरियम. त्याला ‘प्राचीन सस्तन’च म्हणावे. ‘भाऊबंद’ डायसिनोडॉन्टांसारख्यांसाठी राखून ठेवावा.